फणसाचे लाकूड : चिरणे व हवेवर वाळविणे

फणसाच्या गाभ्याचे लाकूड पिवळे, टिकाऊ व वाळवीला सहसा दाद न देणारे असते. दारे, तुळया, पाट, देव्हारे यांसाठी कोकणात त्याला पिढ्यान्‌पिढ्या मान आहे. दक्षिणेत मृदंगाचे खोड व तंजावरची वीणाही याच लाकडाची करतात. असे असूनही घरच्या फणसाचे दार वर्षभरात पिळले, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. दोष झाडाला किंवा सुताराला दिला जातो. वस्तुतः लाकूड बहुधा बिघडते ते चिरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, वाळविण्यातील हयगयीमुळे.

झाड दिवाळीनंतर तोडणे उत्तम. पुढील कोरडे महिने वाळविण्यास मिळतात. झाडे तोडण्याबाबतच्या 1964 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत फणसाचा समावेश असल्याने, झाड स्वतःच्या जमिनीतील असले तरी वन खात्याची परवानगी आधी घ्यावी. वादळ मात्र हंगाम पाहून येत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, ते पावसाळ्याच्या तोंडावरच. अशा वेळी पडलेला ओंडका चिखलात सालीसकट राहू देऊ नये. सालीखाली भुंगेरे अंडी घालतात व बाहेरील फिकट लाकडाला बुरशीचे डाग पडतात. साल सोलून ओंडका दगडांवर उचलून छपराखाली घ्यावा व लवकर चिरून घ्यावा. साल काढल्याने तिच्यातील चीक करवतीला चिकटण्याचा त्रासही कमी होतो.

ओंडक्याच्या दोन्ही टोकांना तोडल्या दिवशीच डांबर किंवा जाड रंग फासावा. तो नसल्यास शेणमातीचा जाड लेप द्यावा. पाणी टोकांतून सर्वांत वेगाने निघून जाते व तेथूनच तडे आत शिरतात. चिरताना ओंडक्याचा मध्यबिंदू रुंद फळीत ठेवू नये. तशी फळी हमखास फुटते. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत आटते, आणि वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट आटते. फळीला बाक येतो तो यामुळे. बारा इंच रुंदीची ओली फळी पाव इंच किंवा त्याहूनही अधिक कमी होऊ शकते. तेवढे माप आधीच वाढवून घ्यावे.

चळत रचणे हे या कामातील मर्म होय. जांभ्याचे चिरे एका पातळीत मांडून तळ जमिनीपासून फूट-दीड फूट उंच करावा. फळ्यांच्या दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या, सुक्या लाकडाच्या पट्ट्या दीड ते दोन फुटांवर आडव्या ठेवाव्यात. सर्व पट्ट्या सारख्या जाडीच्या हव्यात व प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी वर यावी. ती चार बोटे सरकली तरी वरचा भार फळीच्या पोकळ भागावर येतो आणि फळी त्याच आकारात वाळते. मग रंधा मारून ती सरळ होत नाही. ओल्या पट्ट्या वापरल्यास डाग उठतात. शेजारच्या फळ्यांत बोटभर अंतर सोडावे, वर छप्पर करावे व माथ्यावर चिऱ्यांचे वजन ठेवावे. वारा खेळावा, पण ऊन थेट लागू नये. लवकर वाळावे म्हणून फळ्या अंगणात उन्हात पसरण्याची रीत घातक आहे: पृष्ठभाग आधी आटतो, आतला भाग ओलाच राहतो व फळीवर भेगा पडतात.

इंचाला एक वर्ष हा जो हिशेब ऐकू येतो, तो थंड देशांतील ओक वृक्षासारख्या लाकडाचा आहे. कोकणात डिसेंबरच्या आरंभी रचलेली इंची फळी सामान्यतः मेअखेर कामास येते. तीन-चार इंची तुळईला अर्थातच बराच अधिक काळ लागतो. अंदाजावर न विसंबता चळतीतील एक फळी खुणेची ठरवावी व दर पंधरा दिवसांनी वजन करून आकडा तिच्यावरच लिहावा. कोरड्या दिवसांत लागोपाठ दोन-तीन वेळा वजन स्थिर राहिले, म्हणजे फळी भोवतालच्या हवेशी जुळली असे समजावे. पावसाळ्यातील स्थिर वजनावर भिस्त ठेवू नये, कारण त्या हवेत सुके लाकूडही पुन्हा ओल धरते.

बाहेरील फिकट लाकूड गाभ्याइतके टिकत नाही. ते शक्यतो काढून टाकावे. ठेवायचेच असल्यास बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण मुरवावे. हे द्रावण पावसाने धुपते, म्हणून असे लाकूड घरातील कामासाठीच वापरावे. मे महिन्यात दार बसविताना चौकटीत थोडी फट राखावी. श्रावणात दार फुगून ती आपोआप भरून येते.