बॉम्बे रक्तगट आणि त्यामागील जनुक

रक्तदान शिबिरात किंवा शाळेतील आरोग्य तपासणीत बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला जातो, काचपट्टीवर त्याची परीक्षा होते आणि कार्डावर रक्तगटाची नोंद होते. ए, बी, एबी व ओ हे चार गट आता सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु ज्यांच्या कार्डावर 'ओ' लिहिले जाते, त्यांपैकी फारच थोड्या व्यक्तींचा गट प्रत्यक्षात 'ओ' नसतो. अशा व्यक्तीस 'ओ' गटाचे रक्त दिले तर तिच्या जिवास धोका उत्पन्न होतो. या दुर्मिळ गटाचा शोध मुंबईत लागला आणि वैद्यकशास्त्रात तो 'बॉम्बे रक्तगट' या नावाने जगभर ओळखला जातो.

शोधाची हकीकत

वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या रक्तगटाची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. मुंबईतील काही व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए किंवा बी यांपैकी एकही प्रतिजन आढळत नव्हते, म्हणून वरवर पाहता त्यांचा गट 'ओ' ठरत होता. पण त्यांच्या रक्तरसात 'ओ' गटाच्या पेशी मिसळल्या की त्यांच्याही गुठळ्या होत. 'ओ' गटाच्या माणसाच्या रक्तरसाने 'ओ' पेशींच्या गुठळ्या कधी होत नाहीत. तेव्हा 'ओ' पेशींवर असलेला कोणता तरी घटक या व्यक्तींच्या पेशींवर नाही, हे उघड झाले. या घटकास 'एच' प्रतिजन म्हणतात.

पुढे १९५७ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. या केंद्राचे रूपांतर कालांतराने राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत झाले.

जनुक आणि प्रथिन यांचे कार्य

'एच' प्रतिजन तयार करण्याचे काम एका विकराचे, म्हणजेच एका प्रथिनाचे आहे. हे प्रथिन कसे बांधावे याची माहिती मानवाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावरील 'एफयूटी-१' या जनुकात साठविलेली असते. १९९० साली हे जनुक वेगळे करण्यात आले. त्यापासून बनणारे प्रथिन ३६५ ॲमिनो आम्लांच्या साखळीचे असून ते पेशीतील गॉल्जी या भागात राहते.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज ही शर्करा असते. 'एफयूटी-१'चे विकर त्या गॅलॅक्टोजला फ्यूकोज नावाची दुसरी शर्करा जोडते. ही जोडणी झाली की 'एच' प्रतिजन तयार होते. नवव्या गुणसूत्रावरील एबीओ जनुकाचे काम त्यानंतर सुरू होते. ए गटाचे विकर 'एच'वर एक शर्करा चढविते, बी गटाचे विकर दुसरी. 'ओ' गटात हे विकर निकामी असल्यामुळे 'एच' तसेच उघडे राहते.

घर बांधताना आधी जोते भरावे लागते, मग भिंत उभी राहते. 'एच' हे असे जोते होय. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत 'एफयूटी-१' निकामी असल्याने जोतेच नसते. तिच्याकडे ए किंवा बी जनुक उत्तम स्थितीत असले तरी त्याच्या विकरास शर्करा चढविण्यास आधार मिळत नाही.

भारतीय व्यक्तींत आढळलेला प्रमुख दोष अगदी सूक्ष्म आहे. जनुकाच्या ७२५ व्या स्थानी एका अक्षराचा बदल होतो. त्यामुळे प्रथिनातील २४२ व्या जागी ल्यूसीनऐवजी आर्जिनीन येते आणि विकराची शक्ती जाते. त्याच्या शेजारचे 'एफयूटी-२' हे जनुकही या व्यक्तींत गळालेले असते, म्हणून त्यांच्या लाळेतही 'एच' सापडत नाही.

असे असूनही या व्यक्ती सर्वसाधारणतः निरोगी असतात. 'एच'च्या अभावामुळे त्यांना कोणताही ठळक आजार होत नाही. तांबड्या पेशींवर या प्रतिजनाचे नेमके प्रयोजन काय, हा प्रश्न संशोधकांपुढे आजही आहे.

धोका कोठे आहे

बॉम्बे गटाच्या व्यक्तीच्या रक्तरसात ए, बी व 'एच' या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. 'ओ' पेशींवर 'एच' भरपूर असल्याने असे रक्त दिल्यास ही प्रतिपिंडे दिलेल्या पेशी फोडून टाकतात. मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण दगावूही शकतो. अशा रुग्णास बॉम्बे गटाच्याच दात्याचे रक्त लागते.

केवळ पेशींची तपासणी करून हा गट ओळखता येत नाही. रक्तरसाची उलट तपासणी 'ओ' पेशींसह केली, तर तो लक्षात येतो. रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळवून पाहिले की तेथेही विसंगती दिसते. म्हणून शिबिरातील कार्ड हातात आहे एवढ्यावरून ही जुळणी कधीही टाळू नये.

आनुवंशिकता व कुटुंबाची प्रतिष्ठा

आई व वडील या दोघांकडून निकामी जनुक आले तरच अपत्याचा गट बॉम्बे होतो. वाहक असलेल्या आईवडिलांच्या प्रत्येक अपत्यात ही शक्यता चारांत एक असते. म्हणून एखादी व्यक्ती या गटाची निघाल्यास तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम करावी. गरजेच्या वेळी दाता घरातच मिळण्याचा संभव असतो. जवळच्या नात्यातील विवाहांमुळे या गटाचे प्रमाण वाढते. भारतात ते साधारणपणे दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक असे सांगितले जाते.

आणखी एक बाब गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समजा, बॉम्बे गटाच्या स्त्रीजवळ बी जनुक आहे, पण ते प्रकट झालेले नाही. तिच्या कार्डावर 'ओ' लिहिलेले आहे. पतीचा गट खरोखरच 'ओ' आहे. अपत्यास आईकडून बी जनुक मिळाले आणि पित्याकडून चांगले 'एच' जनुक मिळाले, तर अपत्याचा गट बी निघेल. शालेय पुस्तकातील नियमानुसार 'ओ' व 'ओ' यांचे मूल बी असू शकत नाही. एवढ्या आधारावर त्या मातेच्या चारित्र्याविषयी शंका घेतली गेली, तर तिच्यावर घोर अन्याय होईल. अप्रकट बी जनुक आईकडून मुलीत उतरल्याचे उदाहरण १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले होते. 'बॉम्बे' हे नावही त्या सुमारास रूढ झाले.

काय करता येईल

शिक्षकांनी रक्तगटांचा पाठ शिकविताना या अपवादाचा उल्लेख अवश्य करावा. रक्तगटाच्या कार्डावरून मातृत्व वा पितृत्वाचा निवाडा होत नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे. ग्रामपंचायतींनी रक्तदान शिबिरे भरविताना मान्यताप्राप्त रक्तपेढीचेच साहाय्य घ्यावे आणि दात्यांचे पत्ते नीट नोंदवून ठेवावेत. बॉम्बे गट निश्चित झालेल्या व्यक्तीने तशी लेखी नोंद सदैव जवळ बाळगावी, जवळच्या रक्तपेढीत नाव नोंदवावे आणि शस्त्रक्रिया वा बाळंतपण असल्यास डॉक्टरांना आधीच कळवावे. वेळ हाताशी असेल तर दाता शोधता येतो किंवा रुग्णाचे स्वतःचेच रक्त आगाऊ काढून ठेवण्याचा विचार करता येतो. ऐन वेळी मात्र पिशवीभर रक्तासाठी जिल्हेच्या जिल्हे पालथे घालावे लागतात.

एका जनुकातील एका अक्षराचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो वेळीच ओळखण्याची साधी तपासणी मात्र रक्तपेढीत उपलब्ध आहे. तिचा आग्रह धरणे हे रुग्णाचे नातेवाईक, कार्यकर्ते आणि आरोग्यसेवक या सर्वांचेच कर्तव्य होय.