गुडघ्यातील इंजेक्शन : किती आणि कशासाठी?

‘एक इंजेक्शन द्या, एवढी वारी पार पडू द्या,’ अशी विनंती आषाढीच्या तोंडावर आमच्याकडे हमखास होते. झिजेच्या संधिवातात गुडघ्यात स्टिरॉइड दिल्यास वेदना काही आठवडे उतरते. झिजलेली कूर्चा मात्र भरून येत नाही. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या १४० रुग्णांच्या अभ्यासात काहींना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे, हे औषध दिले. इतरांना नुसते सलाइन. वेदनेत फरक आढळला नाही. कूर्चा मात्र औषध घेणाऱ्यांची अधिक झिजली. म्हणून वारंवार मागणी झाल्यास आम्ही नकार देतो. नातेवाईक रागावतात, तो राग आम्हांस समजतो. मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा इंजेक्शननंतर काही दिवस वाढू शकते, हे घरच्यांनी ध्यानी ठेवावे. वेदना उतरलेल्या आठवड्यांत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम भौतिकोपचार विभागात शिकविले जातात.