‘मिळणे’ आणि ‘मिळविणे’

वृत्तपत्रांत ‘मिळणे’ हे क्रियापद पदोपदी आढळते. उसाला दर मिळाला, कालव्याचे पाणी मिळाले, ‘अशी माहिती मिळाली’. अकलूजच्या वाचकास यात वावगे वाटत नाही. परंतु या रचनेत मिळालेली वस्तूच कर्ता होते. देणारा आणि झगडणारा दोघेही वाक्याबाहेर राहतात.

इतिहासात हे महाग पडते. ‘महाडचे तळे अस्पृश्यांना मिळाले’ असे आम्ही लिहिले, तर ते असत्य ठरेल. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. कागदावर सारे ‘मिळाले’ होते. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी पाणी प्राशन केले, मार खाल्ला, आणि न्यायालयीन लढा १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात जिंकला. तो हक्क मिळविलेला होता.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो : बातमीत ‘मिळाले’ दिसताच विचारा, कोणी दिले? कोणी मागितले? किती वर्षे लागली? पालकांनीही घरी हे प्रश्न विचारावेत. हक्क आपोआप मिळतात असे मानणारी पिढी ते राखण्यास जागी राहत नाही.