कळफलकावर हक्क कोणाचा ?

वर्गांत गुरुजींनीं “वह्या उघडा” असें म्हटलें म्हणजे त्या एका वर्गांतील मुलेंच वह्या उघडतात. शेजारच्या वर्गास त्याचें कांहींच नसतें. परंतु शिपायानें घंटा वाजविली कीं सारी शाळा उठते. विद्यार्थिमित्रहो, संगणकाच्या कळफलकावरील शॉर्टकटांचेहि असेच दोन प्रकार आहेत. निबंध लिहितांना कंट्रोल व एस या कळा एकदम दाबल्या कीं तो जतन होतो. पण ही आज्ञा ज्या प्रोग्रॅमची खिडकी समोर आहे त्याच्यापुरतीच असते. दुसऱ्या प्रकारचा शॉर्टकट समोर कोणतीहि खिडकी असली तरी मागें दडून बसलेल्या प्रोग्रॅमला जागें करितो. ही शाळेची घंटा होय. आतां प्रश्न असा कीं, नव्यानें आलेल्या प्रोग्रॅमनें, कोणीं सांगितलें नसतां, ही घंटा आपण होऊन हातीं घ्यावी काय ?

विंडोजमध्यें याची रीत अगदीं साधी आहे. प्रोग्रॅम सुरू होतांना “अमुक कळा माझ्या” अशी नोंद करूं शकतो. त्या कळा मोकळ्या असल्या तर त्यास मिळतात, आणि पुढें कोठेंहि त्या दाबल्या तरी तोच जागा होतो. मागाहून दुसऱ्यानें त्याच मागितल्या तर त्यास नकार मिळतो. म्हणजे न्याय गरजेवर नव्हे, तर आधीं कोण आला यावर होतो. शिवाय कळफलकाच्या मालकास या देवघेवीची वार्ताहि नसते.

बरें, मोकळ्या कळा तरी किती ? कंट्रोल व एखादें अक्षर ही जोडी बहुतेक प्रोग्रॅम आंतल्या कामासाठीं वापरतात. ऑल्ट व अक्षर मेनू उघडण्याकडे जाते. विंडोजची खूण असलेली कळ मायक्रोसॉफ्टनें व्यवस्थेसाठींच राखून ठेविली आहे. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे कंट्रोल व ऑल्ट एकत्र घेऊन त्यांस तिसरें अक्षर जोडतात. त्यांच्या स्वतःच्या अमेरिकन कळफलकावर ही जागा ओसाड दिसते. पण ती ओसाड नाहीं, आणि येथेंच खरी मेख आहे.

युरोपांतील अनेक कळफलकांवर उजवी ऑल्ट ही निराळें काम करणारी कळ आहे. तिच्यासह अक्षर दाबलें कीं त्या भाषेंतील विशेष अक्षर उमटतें. विंडोज ही उजवी ऑल्ट म्हणजे कंट्रोल व ऑल्ट एकत्र दाबल्याप्रमाणेंच मानतें. पोलिश भाषेचीं नऊ अक्षरें नेहमींच्या कळफलकावर अशाच रीतीनें उमटतात. पोलंडांत लोड्झ नांवाचें मोठें शहर आहे. तेथील लोक त्याचा उच्चार ‘वूच’ असा करितात आणि त्याचा अर्थ होडी. या नांवाच्या चार अक्षरांपैकीं तीन अक्षरांस उजवी ऑल्ट लागते. आतां एखाद्या प्रोग्रॅमनें कंट्रोल, ऑल्ट व एल ही जोडी बळकाविली, तर त्या शहरांतील मुलाला आपल्या गांवाचें पहिलेंच अक्षर लिहितां येणार नाहीं. त्या जागीं एखादी अनोळखी खिडकी उघडेल. आपणही यांतून सुटलों नाहीं. रुपयाचें ₹ हें चिन्ह सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें. विंडोजच्या भारतीय इंग्रजी कळफलकावर तें उजवी ऑल्ट व ४ यांनीं उमटतें.

येथें कोणी म्हणेल, “मग असे शॉर्टकट मुळींच नकोत.” तेंहि बरोबर नाहीं. एनव्हीडीए नांवाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो पडद्यावरील मजकूर अंध माणसास वाचून दाखवितो. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ मध्यें त्याचें काम आरंभिलें. हा वाचक मध्येंच बंद पडला तर अंध माणसाच्या दृष्टीनें सारा संगणकच मुका होतो. माऊसनें चित्र शोधून त्यावर टिचकी मारणें त्यास शक्य नसतें. तेव्हां कंट्रोल, ऑल्ट व एन दाबून तो वाचकास पुनः बोलावितो. ही घंटा त्याच्या हातीं असलीच पाहिजे. दुसऱ्या कोणा प्रोग्रॅमनें चित्रें कापण्यासारख्या कामाकरितां याच कळा गिळल्या, तर केवढी आपत्ति !

तरीहि या प्रोग्रॅमची वागणूक पाहण्यासारखी आहे. संगणकावर बसवितांना तो हा शॉर्टकट चौकटींत लिहून दाखवितो आणि नको असल्यास खूण काढूं देतो. इतकेंच नव्हे, तर ज्या देशाच्या कळफलकास या कळा अडचणीच्या होतील, तेथील भाषांतरकारास त्या बदलण्याची मुभा दिलेली आहे. ज्यास सर्वांत अधिक हक्क आहे तोच विचारून घेतो. मग गाणीं वाजविणाऱ्या प्रोग्रॅमनें न विचारतां घेण्याचें कारण काय?

प्रोग्रॅम लिहिणारांचें एक म्हणणें मात्र खरें आहे. सोय आपोआप चालू ठेविली नाहीं तर बहुतेकांस ती असल्याचें कळतच नाहीं. सेटिंगच्या पानांत खोल जाऊन पाहतो कोण? यास उपाय असा कीं, पहिल्यांदा उघडतांना प्रोग्रॅमनें शॉर्टकट सुचवावा, त्या कळा मोकळ्या आहेत कीं नाहींत तें सांगावें, आणि होकार आल्यावरच घ्यावा. लिनक्समध्यें हें घडूं लागलें आहे. १९८७ च्या एक्स ११ या पद्धतींत कोणताहि प्रोग्रॅम हव्या त्या कळा पकडूं शके, एवढेंच नव्हे तर दुसऱ्याच्या खिडकींत काय लिहिलें जात आहे तेंहि ऐकूं शके. वेलँड या नव्या पद्धतींत कळा समोरच्या खिडकीसच मिळतात. ज्यास घंटा हवी त्यानें डेस्कटॉपकडे अर्ज करावा, आणि निर्णय मालकानें द्यावा. केडीईनें ही सोय २०२३ मध्यें दिली, ग्नोमनें मार्च २०२५ मध्यें.

आपल्या घरच्या संगणकावर ₹ उमटत नसल्यास प्रथम भारतीय इंग्रजी कळफलक निवडला आहे ना तें पाहावें. मग घड्याळाजवळच्या कोपऱ्यांत बसलेले प्रोग्रॅम एकेक करून बंद करावे व दर वेळीं उजवी ऑल्ट व ४ दाबून पाहावें. ज्याच्या जाण्यानें चिन्ह परत येईल, त्याच्या सेटिंगांत जाऊन शॉर्टकट काढावा. डेस्कटॉपवरील एखाद्या चित्रासच शॉर्टकट जोडलेला असेल, तर त्यावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडाव्या. शॉर्टकट की असें लिहिलेल्या चौकटींत त्या कळा दिसतात व तेथेंच पुसतांहि येतात.