जुन्या मागाची चिप आणि जर्मन पुस्तिका

जुना परदेशी माग स्वस्तात मिळतो म्हणून आपले बरेच बांधव तो घेतात. माग येतो, सोबत पुस्तिकाही येते, आणि ती कपाटात पडून राहते. माझेही तेच झाले. आम्ही राहणारे केळव्याचे, माग बोईसरला भागीदारीत घेतलेला. १९८०च्या दशकातला, इलेक्ट्रॉनिक डॉबीचा. एके दिवशी तो नक्षी चुकवू लागला. कारागीर म्हणाला, धागा ठीक आहे, कार्डावरची चिप उतरली आहे.

ही चिप म्हणजे ईप्रॉम. जेकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांसारखेच तिचे काम. कोऱ्या चिपमध्ये सर्व १ असतात, विजेच्या जोरावर हवे तेथे ० करतात. पुठ्ठ्यात पाडलेले भोक बुजवता येत नाही, तसा ० चा पुन्हा १ होत नाही. त्यासाठी वरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील दिवा पंधरा-वीस मिनिटे दाखवून सगळी चिप एकदम पुसावी लागते. थेट उन्हात ती आठवडाभरात पुसली जाऊ शकते, म्हणून खिडकीवर जाड चिकटपट्टी हवीच. अतिनील दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी मात्र पाहू नये.

दुरुस्तीवाल्याने उडत चाललेला मजकूर त्याच चिपवर पुन्हा पक्का करायचे ठरवले. चिप २७३२ए होती. त्याच्याकडे इंग्रजी कागद साध्या २७३२चा होता, त्यात लिहिण्यासाठी २५ व्होल्ट. 'ए'वालीला लागतात २१, आणि २२च्या वर गेले की ती जळते. जळलीच. मजकुराची प्रत आधी जपून ठेवली नव्हती, आणि मीही विचारले नव्हते. माग पाच आठवडे उभा, कामगार बसून, घेतलेली ऑर्डर दुसरीकडे गेली.

रात्री पुस्तिका उघडली. माझे शिक्षण उर्दू माध्यमात, जर्मनचा एक शब्द येत नाही. पण उर्दूतही मजकूर उजवीकडून वाचतो आणि आकडे डावीकडून, त्यामुळे परक्या लिपीतून आकडे निवडण्याची सवय आहे. तक्त्यात चिपचा नंबर होता, 'ए'सकट, आणि समोर 'श्पानुंग', म्हणजे व्होल्टेज, २१. उत्तर कपाटातच होते!

रशियन कागदांत हाच शब्द 'नाप्रियाझेनिये', आणि व्होल्टचे अक्षर इंग्रजी 'बी'सारखे दिसते. जर्मन व रशियन कागदांत दशांशाला टिंब नसून स्वल्पविराम असतो. '१२,५' म्हणजे साडेबारा, सव्वाशे नव्हे. २७१६ला २५ व्होल्ट, २७६४ला २१, २७६४एला साडेबारा. आज मोबाइलने पानाचा फोटो काढून भाषांतर होते, तरी आकडा मूळ पानावरच पाहावा. स्वस्त प्रोग्रामर घेताना तो २५ व्होल्ट देतो का, हेही विचारावे. बरेच देत नाहीत.

तारापूरच्या एका कारखानदाराकडे तशाच बनावटीचा माग निघाला. त्यांनी चिप दिली. ती तीनदा वाचली, तिन्ही वेळा मजकूर सारखा आला, तेव्हा नव्या चिपवर २१ व्होल्टने उतरवला. आता दोन प्रती आहेत, एक बोईसरला, एक केळव्याला. खाऱ्या हवेत पाय काळे पडतात, म्हणून केळव्याची घट्ट झाकणाच्या डब्यात. दोन्हींच्या पट्टीवर नंबर आणि व्होल्टेज शाईने लिहिले आहे.