उन्हाळ्याला दोष देण्याआधी वजाबाकी

धाराशिव जिल्ह्यात कॉम्प्युटरचा खरा कस लागतो तो एप्रिल-मे महिन्यांत, आणि नेमकी तीच आमची लग्नसराई. कळंबपासून उमरग्यापर्यंत कुठल्याही बाजारपेठेत जा, फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत एखादं मशीन दुपारभर लग्नाचा व्हिडिओ रेंडर करत असतं. बाहेर पारा चाळिशीपार, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि आत प्रोसेसर तासन् तास पूर्ण ताकदीनं कामाला जुंपलेला. दाखले काढायच्या सेवा केंद्रातल्या मशीनवर असा भार क्षणभर येतो आणि उतरतो. रेंडरिंगमध्ये तो उतरतच नाही. म्हणून हे लिहितोय ते आधी माझ्यासारख्या व्हिडिओ मिक्सिंगवाल्यांसाठी. पण ज्यांच्या घरी डेस्कटॉप आहे त्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

माझ्या मशीनचं दुखणं हळूहळू सुरू झालं. सकाळी जे गाणं झटक्यात एक्स्पोर्ट व्हायचं, तेच दुपारी दुप्पट वेळ घ्यायला लागलं. मग रेंडर अर्ध्यावर असताना मशीन आपोआप बंद पडू लागलं. ज्या लग्नाचा तो व्हिडिओ होता, तिथला नवरदेव सैन्यातला, सुट्टी संपत आलेली, आणि त्याचे वडील रोज दुकानात येऊन बसायचे. "भाऊ, पोरगं जायच्या आत तेवढा पेनड्राइव्ह द्या की." मेकॅनिकनं आधी विंडोज नव्यानं टाकलं. मग म्हणाला, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, गेलाय. एसएमपीएस बदलला, रॅम पुसून झाली, दोन्हीचे पैसे गेले, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मशीन पुन्हा बंद. शेवटी निदान झालं ते एवढंच: प्रोसेसरवरच्या कूलरची चार टाचण्यांपैकी एक टाचणी सुटली होती आणि कूलर एका कोपऱ्यात किंचित उचलला गेला होता. इंटेलच्या डब्यातून येणाऱ्या कूलरला अशा चार प्लॅस्टिकच्या टाचण्या असतात. गाडीतून मशीन हलवलं की त्या सैल होऊ शकतात, आणि वरून पाहिलं तर पंखा अगदी नीट फिरताना दिसतो.

मशीन मंद का झालं, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे. आजचा प्रोसेसर स्वतःचं तापमान सतत मोजतो. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, रायझनची ९० ते ९५. तिथं पोचला की तो आपला वेग आपणच उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे दुपारी रेंडर रेंगाळतं तेव्हा सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवत असतो. वेग उतरवूनही उष्णता चढतच राहिली, तर तो वीजच तोडायला लावतो. ही सोय पूर्वी सगळ्यांकडे नव्हती. २००१ साली कूलर काढून घेतलेल्या प्रोसेसरांची एक चाचणी जगभर गाजली होती. तिच्यात पेंटियम ४ मंदावून टिकला आणि त्या वेळचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळाला.

आता मुख्य गोष्ट. कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता हवेच्या स्वाधीन करतो. म्हणून प्रोसेसरचा नुसता आकडा पाहून काही कळत नाही. त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं. समजा, डिसेंबरात खोली २४ अंश आणि पूर्ण भारावर प्रोसेसर ६८. फरक ४४ चा. मे महिन्यात खोली ४० झाली, तर त्याच भारावर प्रोसेसर साधारण ८४ दाखवणार. हे हवामानाचं देणं आहे, घाबरायचं कारण नाही. पण ८४ च्या जागी ९५ दिसत असतील, तर वरचे ११ अंश उन्हाळ्याचे नव्हेत. ते धुळीचे, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टचे किंवा सुटलेल्या टाचणीचे आहेत. भिंतीवर एक साधं थर्मामीटर टांगा आणि हिवाळ्यात, मशीन धडधाकट असताना, हा फरक वहीत लिहून ठेवा. माझा पैसा एसएमपीएसवर गेला तो असा आकडा हाताशी नसल्यामुळे. आमच्याकडचे मेकॅनिकही उन्हाळ्यात "गरमीनं होतंय" म्हणून मोकळे होतात. वजाबाकी दाखवली की बोलणं मुद्द्यावर येतं.

फरक वाढलेला दिसला, तर पहिला संशय धुळीवर घ्यायचा. आपल्याकडची धूळ बारीक आणि चिवट. काळ्या मातीचा फुफाटा, ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा, आणि दुकानात कॉम्प्युटरवरच्या फळीवर देवीच्या फोटोपुढं रोज लागणाऱ्या उदबत्तीची काजळी. काजळीत चिकटपणा असतो, तिला धूळ धरून बसते. उदबत्ती लावूच नका असं मी म्हणणार नाही, पण देव्हारा मशीनपासून लांब न्या. ब्लोअर मारून वरची धूळ उडते, खरा थर मात्र पंख्याच्या खाली, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या तोंडाशी असतो. माझ्या कूलरचा पंखा सोडवला तेव्हा तिथं नमद्यासारखा जाड पापुद्रा निघाला. ब्लोअर मारण्याआधी वायर काढा, मशीन अंगणात न्या आणि पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं पंखा भन्नाट फिरला, तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

कूलर काढला की पेस्ट नवीनच लावायची. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या आणि मधोमध हरभऱ्याएवढी ठेवा. जास्त लावून जास्त थंड होत नाही. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरायचं. उलट जाड थर अडथळाच ठरतो. रायझनच्या एएम४ बोर्डवर कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून कूलर हलके डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

पंख्यांची दिशा हा पुढचा घोळ. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, इतकं साधं आहे. पण दुकानात जोडलेल्या कितीतरी कॅबिनेटमध्ये पुढचा आणि मागचा दोन्ही पंखे बाहेरच फेकताना पाहिलेत. मग हवा प्रत्येक फटीतून, गाळणीशिवाय, धूळ घेऊन आत येते. पुढच्या पंख्यांना जाळी लावा आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावणं ही आमच्याकडची लाडकी युक्ती. अडलेलं रेंडर पार पाडायला ती चालते, पण महिनाभर तसंच ठेवलं तर धूळ दुप्पट. आणि कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलं असेल, तर ते आजच बाहेर काढा. तिथं मशीन आपलीच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत बसतं.

आता सॉफ्टवेअर. विंडोज ९५ च्या काळात रेन, वॉटरफॉल असे छोटे प्रोग्राम होते. काम नसताना प्रोसेसरला थांबायची आज्ञा विंडोज देत नसे. ती हे प्रोग्राम द्यायचे आणि खरोखर काही अंश उतरायचे. आज ते काम विंडोज आणि प्रोसेसर स्वतःच करतात. त्यामुळे 'एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर थंड' अशा जाहिरातीतलं काहीही टाकू नका. सॉफ्टवेअर तीनच गोष्टी करू शकतं: तापमान दाखवणं, पंखा फिरवणं आणि उष्णता मुळात कमी निर्माण करणं.

दाखवायला एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प पुरे. पंख्यासाठी मी बायॉसमधलीच सेटिंग वापरतो, कारण विंडोज अडकलं तरी ती चालू राहते. उन्हाळ्यासाठी माझी रेषा अशी: ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ६५ ला ७० टक्के, ७५ च्या पुढं पूर्ण वेग. आवाज होतो, पण खोलीत कूलर घरघरत असताना तो कोणाला ऐकू येतो! विंडोजमधूनच पंखा हाताळायचा असेल, तर फॅन कंट्रोल हा प्रोग्राम चांगला आहे; जुना स्पीडफॅन नव्या बोर्डांना बऱ्याचदा ओळखत नाही. एका वेळी एकच प्रोग्राम ठेवा. दोघे एकाच चिपला वेगवेगळ्या आज्ञा देऊ लागले की पंखा मध्येच थांबूही शकतो.

खरा फायदा तिसऱ्या गोष्टीत आहे आणि तिकडंच कोणी बघत नाही. प्रोसेसरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर उष्णता सुमारे १९ टक्के घटते. वेगही १० टक्के उतरवला तर घट २७ टक्क्यांवर जाते. वेगाचा शेवटचा थोडासा तुकडा फार महाग पडतो, तो मे महिन्यात सोडून द्यावा. सोपा मार्ग असा: विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. बहुतेक मशीनवर त्यानं टर्बो, म्हणजे वेगाचा तो शेवटचा तुकडा, बंद होतो. रायझन असेल तर बायॉसमध्ये इको मोड असू शकतो. इंटेलच्या काही बोर्डांवर विजेची मर्यादा कंपनीनं ठरवल्यापेक्षा मोकळी सोडलेली असते, ती प्रोसेसरवर लिहिलेल्या वॉटवर आणा. थ्रॉटल होत अडखळणाऱ्या प्रोसेसरपेक्षा संथ, एकसारख्या वेगानं चालणारा बरा. रेंडर मध्येच मरत नाही. एक्स्पोर्ट करताना हार्डवेअर एन्कोडिंग निवडलं, तर प्रोसेसरचं बरंच ओझं ग्राफिक्सकडं जातं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आमच्या धंद्यात ती सर्रास आहे. क्रॅक केलेल्या एडिटिंग सॉफ्टवेअरबरोबर क्रिप्टो मायनिंगचा छुपा प्रोग्राम येऊ शकतो. मशीन रिकामं असताना प्रोसेसर तापलेला दिसला, तर टास्क मॅनेजर उघडून बघा. पण काही छुपे प्रोग्राम तो उघडताच गप्प बसतात, म्हणून पंख्याच्या आवाजाकडंही कान ठेवा.

महागडा वॉटर कूलर घ्यावा का, असं अनेक जण विचारतात. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' महासंगणकही पाण्यावर थंड होतो, हे खरं. पण आपल्या कॅबिनेटमधलं पाणी शेवटी रेडिएटरवाटे त्याच ४० अंशांच्या खोलीत उष्णता सोडतं. तेच पैसे आधी छताला पांढरा रंग द्यायला वापरा. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याचा कूलर खोली चांगली उतरवतो. समोरची खिडकी मात्र उघडी हवी, आणि झोत कॅबिनेटवर नको, बोअरच्या पाण्याचे क्षार बोर्डवर बसतात. टँकरवर दिवस काढताना कूलरला पाणी परवडत नाही. अशा वेळी मोठी रेंडर रात्री लावा. बालाघाटच्या पठारावर उत्तररात्री हवा चांगली उतरते, आणि मशीनला कुठलंही सॉफ्टवेअर देणार नाही इतकी सवलत मिळते.

सफाई वर्षातून दोनदा. एकदा मळणी उरकल्यावर, तुळशीच्या लग्नाआधी, आणि एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास. स्वतः उघडायची भीती वाटत असेल, तर मेकॅनिककडं न्या, पण पंखा आपल्यासमोर सोडवायला सांगा, चारही टाचण्या दाबून बघायला लावा, आणि पैसे देण्याआधी मशीन पूर्ण भारावर चालवून आधीचा आणि नंतरचा फरक शेजारी-शेजारी लिहून घ्या.