एकच नांव, दोन उत्तरें

मनुष्यास नांव लक्षांत ठेवणें सोपें जातें. यंत्रास मात्र अंक लागतात. आपण संगणकावर एखादें नांव टंकितों, तेव्हां त्या नांवाचा अंकमय पत्ता आधीं शोधावा लागतो व मगच संदेश मार्गस्थ होतो. हा शोध पडताळून पाहण्याचीं साधनें युनिक्स कुळांतील निरनिराळ्या प्रणालींवर कशीं भिन्न आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळें आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय घडला, तो वृत्तांत पुढें येईलच.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. अमेरिकेंतील आर्पानेट ह्या जाळ्यांत आरंभीं सर्व यंत्रांचीं नांवें व पत्ते एकाच यादींत लिहिलेले असत. ती यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेविली जाई आणि इतरांनीं तिची प्रत उतरून घ्यावी, असा परिपाठ होता. यंत्रें वाढलीं, तशी ही व्यवस्था अपुरी पडूं लागली. तेव्हां पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं डीएनएस नामक नवी नामव्यवस्था मांडली. तींत एक मोठी यादी नसून प्रत्येक संस्था आपल्या नांवांचा हिशेब आपल्या नेमसर्व्हरवर ठेविते. पुढें बर्कले येथील विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं ह्या व्यवस्थेसाठीं बाइंड नांवाचा प्रोग्रॅम युनिक्सवर रचिला.

तथापि जुनी यादी अगदींच नाहींशी झाली नाहीं. प्रत्येक युनिक्स यंत्रावर 'होस्ट्स' नांवाची एक लहानशी फाईल आजही असते. घरच्या टिपणवहींत चार पत्ते लिहून ठेवावेत, तसाच हा प्रकार होय. लिनक्सवर 'एनएसस्विच' नांवाच्या दुसऱ्या एका फाईलींत, आधीं टिपणवही पाहावी कीं नेमसर्व्हरला विचारावें, हा क्रम लिहिलेला असतो. ओपनबीएसडी प्रणालीवर हाच क्रम 'रिझॉल्व्ह' फाईलींत 'लुकअप' ह्या शब्दापुढें लिहितात.

आतां साधनांकडे वळूं. बाइंडबरोबर येणाऱ्या तीन आज्ञा सर्वत्र प्रसिद्ध आहेत. 'एनएसलुकअप' ही जुनी असून तिच्याशीं प्रश्नोत्तरें करीत बसतां येतें. तिच्या उत्तरांत 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह' हे शब्द पाहून पुष्कळ मुलें दचकतात. पण त्याचा अर्थ उत्तर खोटें आहे असा नव्हे. मूळ नेमसर्व्हरऐवजीं मधल्या कोणीतरी आपल्या सांठ्यांतून तें दिलें, एवढाच त्याचा अर्थ. 'होस्ट' ही मितभाषी. एकदोन ओळींत पत्ता सांगून मोकळी होते. 'डिग' ही सविस्तर बोलणारी. उत्तर किती सेकंद सांठ्यांत ठेवावें, हेंही ती सांगते. आणखी एक भेद असा कीं, संस्थेचें अर्धवट नांव दिल्यास 'होस्ट' व 'एनएसलुकअप' शेपूट जोडून पाहतात. 'डिग' मात्र सांगितल्यावांचून तसें करीत नाहीं. एकीला नांव सांपडलें व दुसरीला नाहीं, तर त्यांत नवल नाहीं.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ह्या तिन्ही आज्ञा टिपणवही उघडीतच नाहींत. त्या थेट नेमसर्व्हरलाच विचारतात. ब्राउझर व इतर सामान्य प्रोग्रॅम मात्र प्रणालीच्या ठराविक क्रमानें जातात. तो क्रम पाळून मिळणारें उत्तर पाहावयाचें असेल, तर लिनक्स, सोलॅरिस व फ्रीबीएसडी यांवर 'गेटएन्ट' ही आज्ञा आहे. ॲपलच्या मॅकओएसवर ती नाहीं. तेथें 'डीएसकॅशयुटिल' वापरावी लागते. त्या प्रणालीच्या माहितीपृष्ठांवर तर स्पष्टच बजाविलें आहे कीं, 'एनएसलुकअप' इतर प्रोग्रॅमांच्या मार्गानें शोध घेत नाहीं. फ्रीबीएसडीनें २०१४ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून बाइंड मूळ प्रणालींतून काढून टाकिलें. म्हणून तेथें 'डिग'च्या जागीं 'ड्रिल' आढळते. डेबियनच्या लहान स्थापनेंत 'डिग' बहुधा नसते; ती निराळी बसवावी लागते.

आतां तो प्रसंग. आमच्या ग्रंथालयाची सूची एका जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलविली होती. दुसऱ्या दिवशीं संगणकवर्गांतील एका लिनक्स यंत्रावर सूची उघडेना. आम्हीं 'डिग' चालविली. नवा पत्ता बिनचूक आला. मग दोष यंत्राचा नव्हे, तर त्यापुढें बसणाऱ्या मुलाचा, असें आम्हीं ठरविलें. मुलगा चौकस, नेहमीं कांहींतरी उलटसुलट करून पाहणारा. "मीं कशालाही हात लावला नाहीं, सर," असें तो पुनःपुन्हां सांगत होता. तरी आम्हीं त्याला भर वर्गांत कठोर शब्द बोललों.

सायंकाळीं 'गेटएन्ट' चालवून पाहिली, तों जुनाच पत्ता आला. टिपणवही उघडली, तों तींत ग्रंथालयाची ओळ होती. आणि ती वर्षापूर्वीं आम्हींच आपल्या हातानें लिहिली होती. 'डिग' खोटें बोलली नव्हती. आम्हीं तिला एक प्रश्न विचारला आणि तिचें उत्तर भलत्याच प्रश्नाचें म्हणून मानलें. दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत, सर्वांसमक्ष, आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. ती त्यानें मोठ्या मनानें केली.

विद्यार्थिमित्रहो, दोन साधनें दोन उत्तरें देतील, तेव्हां एकास खोटें ठरविण्यापूर्वीं तें कोणाला विचारून आलें, हें पाहा. पालकांनाही आमची हीच विनंती आहे. घरांत एखादी वस्तु बिघडली कीं, जवळ बसलेल्या मुलाकडे बोट जातें. तें उचलण्यापूर्वीं आपली स्वतःची टिपणवही एकवार उघडून पाहावी.